उष्णता, काल व कर्कपेशी

दुधास विरजण लावण्याची क्रिया आमच्या प्रत्येक वाचकाच्या घरीं होत असते. दूध कोमट असेल तर सकाळपर्यंत घट्ट दहीं लागतें. पण तें कढत असतांनाच घाईनें विरजण घातलें तर दहीं लागत नाहीं. कारण उघड आहे. दहीं करणारे सूक्ष्म जंतु कोमट दुधांत पोसले जातात व कढत दुधांत मरून जातात. जी उष्णता जीवास पोसते, तीच थोडी अधिक झाली म्हणजे त्याचा नाश करते. ह्या दोन्हींमधील अंतर फार थोड्या अंशांचें असतें.

ह्याच साध्या गोष्टीवर कर्करोगावरील एक उपचार उभारलेला आहे. शरीरांतील दुष्ट गांठ बेताची तापवावयाची, म्हणजे तींतील पेशी मरतील आणि शेजारचें निरोगी अंग वांचेल, अशी त्यामागील कल्पना आहे. कल्पना सोपी दिसते. परंतु ती अमलांत आणूं म्हटलें कीं लगेच दोन प्रश्न उभे राहतात. किती तापवावें? आणि किती वेळ? ह्या प्रश्नांचें उत्तर केवळ अनुभवानें मिळेना, तेव्हां वैद्यकास गणिताचें साह्य घ्यावें लागलें. तें गणित कसें आहे व त्यानें काय साधलें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. ज्या विद्यार्थ्यांस गुणाकार, भागाकार व घातांक एवढें अवगत आहे, त्यांस हा विषय समजण्यास कांहीं अडचण पडूं नये.

जुने प्रयत्न

ताप आल्यावर गांठ विरते, असा अनुभव युरोपांतील वैद्यांस अधूनमधून येत असे. १८६६ सालीं जर्मनींतील बॉन येथील शस्त्रवैद्य विल्हेल्म बुश ह्यांनीं अशा एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. चेहऱ्यावरील दुष्ट गांठ असतां त्या रोग्यास विसर्प, म्हणजे ज्यास आपण धांवरें म्हणतों, तो रोग होऊन जोराचा ताप आला व त्यानंतर ती गांठ नाहींशी झाली. पुढें १८९१ पासून न्यूयॉर्क येथील डॉक्टर विल्यम कोली ह्यांनीं रोग्यांस बुद्ध्याच असा ताप आणण्याचे प्रयोग केले. १८९८ सालीं स्वीडनमधील डॉक्टर वेस्टरमार्क ह्यांनीं गर्भाशयाच्या मुखावरील कर्करोगास नळींतून खेळविलेल्या ऊन पाण्याची उष्णता देऊन पाहिली.

ह्या प्रयत्नांत कधीं यश येई, कधीं येत नसे. कोली ह्यांच्या रोग्यांस जो गुण आला, त्याचें श्रेय आज उष्णतेपेक्षां शरीराच्या जागृत झालेल्या प्रतिकारशक्तीस अधिक दिलें जातें. पण मुख्य उणीव निराळीच होती. एका वैद्यानें दिलेली उष्णता व दुसऱ्यानें दिलेली उष्णता ह्यांची तुलना करावयास मापच नव्हतें. औषध तोळ्यामाशांनीं मोजतां येतें. उष्णतेचा उपचार कशानें मोजावा? एकानें ४२ अंशांवर दोन तास शेक दिला व दुसऱ्यानें ४४ अंशांवर अर्धा तास दिला, तर अधिक उपचार कोणी केला? ह्याचें उत्तर कोणासच देतां येत नव्हतें. (ह्या लेखांतील सर्व अंश सेंटिग्रेड मापाचे आहेत. निरोगी मनुष्याच्या शरीराचें उष्णमान ह्या मापानें सुमारें ३७ अंश असतें.)

मरण्याचा नियम

गणिताचा प्रवेश प्रथम जंतूंच्या बाबतींत झाला. लंडन येथील लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक नांवाच्या विदुषी जंतुनाशक द्रव्यांचा अभ्यास करीत होत्या. जंतु एकदम मरतात कीं क्रमाक्रमानें, आणि क्रमानें मरत असल्यास तो क्रम कोणता, हें त्यांनीं मोजून पाहिलें. १९०८ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, ठराविक वेळांत जंतूंची ठराविक संख्या मरत नाहीं, तर उरलेल्यांचा ठराविक हिस्सा मरतो. पहिल्या पांच मिनिटांत दहांपैकीं नऊ मेले, तर पुढच्या पांच मिनिटांत उरलेल्यांपैकीं पुन्हां दहांस नऊ ह्याच प्रमाणांत मरतात, आणि असेंच पुढें चालतें.

हा फरक बारीक वाटला तरी फार महत्त्वाचा आहे. ठराविक संख्या मरत असती, तर कांहीं वेळानें शून्य हें ठेवलेलेंच होतें. पण ठराविक हिस्सा मरतो म्हटल्यावर उरलेली संख्या भूमितीश्रेढीनें उतरत जाते: १०००, १००, १०, १. ती शून्याच्या जवळजवळ जाते, पण शून्यास पोहोंचत नाहीं.

आतां हाच नियम गांठीस लावून पाहूं. एक घन सेंटिमीटर आकाराच्या, म्हणजे सुमारें हरभऱ्याहून थोड्या मोठ्या गांठींत शंभर कोटि पेशी असतात, असा अंदाज धरण्याची चाल आहे. शंभर कोटि म्हणजे एकावर नऊ शून्यें. दहांपैकीं नऊ पेशी मारणारी एक मात्रा आपण दिली, तर एक शून्य गळलें व दहा कोटि उरल्या. रोग्यास वाटेल, गांठ जवळजवळ गेलीच! पण अशा नऊ मात्रा द्याव्या तेव्हां सरासरीनें एक पेशी उरते. त्या एका पेशीपासूनहि गांठ पुन्हां वाढूं शकते. सरासरीनें एक उरते ह्याचा अर्थ असा कीं, शंभर रोग्यांपैकीं सुमारें ३७ जणांत एकहि उरत नाहीं व बाकीच्यांत एक किंवा अधिक उरतात. आणखी एक, म्हणजे दहावी मात्रा दिली, तर सुमारें ९० जणांत एकहि उरत नाहीं. गांठ दिसेनाशी झाली तरी वैद्य उपचार कां थांबवीत नाहींत, ह्याचें कारण ह्या श्रेढींत आहे.

मनुष्याच्या व इतर सस्तन प्राण्यांच्या पेशींवर असा अभ्यास करावयाचा तर त्या मोजतां आल्या पाहिजेत. अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत थिओडोर पक व फिलिप मार्कस ह्यांनीं १९५५-५६ च्या सुमारास त्याची सोय केली. कांचेच्या थाळींत पोषक द्रव घालून त्यांत सुट्या पेशी पेरावयाच्या. जी पेशी जिवंत व प्रजननक्षम असेल, ती वाढून तिची डोळ्यांस दिसणारी एक वसाहत बनते. वसाहती मोजल्या कीं किती पेशी वांचल्या हें कळतें. शेतकरी मूठभर बीं पेरून त्याची उगवण पाहतो, तशीच ही परीक्षा होय.

एका अंशाचें मोल

ह्या रीतीनें उष्णतेचा परिणाम अनेकांनीं मोजला. १९७७ सालीं विल्यम ड्यूई व त्यांचे सहकारी ह्यांनीं चिनी हॅमस्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवरील प्रयोग व त्यांचे आलेख मांडले. त्यांत दोन गोष्टी ठळक दिसल्या. पहिली ही कीं, ४३ अंशांच्या वर उष्णमान एका अंशानें वाढविलें, तर तितक्याच पेशी मारण्यास निम्माच वेळ लागतो. ४३ अंशांस जें काम ६० मिनिटांत होतें, तें ४४ अंशांस ३० मिनिटांत, ४५ अंशांस १५ मिनिटांत व ४६ अंशांस साडेसात मिनिटांत होतें. दुसरी गोष्ट ही कीं, ४३ अंशांच्या खालीं हा हिशेब बदलतो. तेथें एका अंशानें उतरलें तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. म्हणजे ४२ अंशांस २४० मिनिटें व ४१ अंशांस ९६० मिनिटें, म्हणजे सोळा तास!

एका अंशाला एवढें मोल कां? निरपेक्ष मापानें पाहिलें तर ४३ अंश म्हणजे सुमारें ३१६. त्याचे ३१७ झाले तर वाढ एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीहि होत नाहीं. तरी मरणाचा वेग दुप्पट होतो. ह्याचें उत्तर स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांट अऱ्हेनियस ह्यांनीं १८८९ सालीं मांडलेल्या नियमांत सांपडतें. कोणतीहि रासायनिक क्रिया घडण्यास कणांना एक उंबरठा ओलांडावा लागतो. उंबरठा जितका उंच, तितके तो ओलांडणारे कण थोडे, आणि उष्णमान किंचित् वाढलें तरी त्या थोड्यांची संख्या तितकी झपाट्यानें वाढते. सामान्य रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होण्यास सुमारें दहा अंश लागतात. पेशींच्या मृत्यूचा वेग एकाच अंशांत दुप्पट होतो. म्हणजे दहा अंशांत तो १०२४ पट होईल. एवढा उंच उंबरठा प्रथिनांच्या बिघाडास असतो. अंड्यांतील पिवळ्या बलकाभोंवतींचा पातळ भाग चुलीवर ठेवतांच घट्ट व पांढरा होतो, तो प्रथिनांची घडी उलगडून त्यांचा गुंता झाल्यामुळें. ती घडी शेंकडों नाजुक बंधांनीं धरलेली असते, व ते बंध एकदम सुटावे लागतात. चिक ह्यांनीं चार्ल्स मार्टिन ह्यांजबरोबर १९१० सालीं प्रथिनांच्या ह्या साकळण्याचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मोरिट्झ व हेन्रिक्स ह्यांनीं कातडी भाजण्यास लागणारा वेळ मोजला, तेव्हां त्यांसहि हाच प्रकार आढळला. ४४ अंशांस कातडीस कायमची इजा होण्यास सुमारें सहा तास लागतात, पण ७० अंशांस एक सेकंदहि पुरेसा होतो, असें त्यांच्या १९४७ सालच्या लेखांत दिसतें.

आतां ४३ अंशांपाशीं आलेख वळतो कां, हें पाहूं. पेशी ही मुकाट्यानें मरणारी वस्तु नव्हे. उष्णता बेताची असेल तर ती सावध होऊन आपला बचाव करूं लागते. १९६२ सालीं इटलींतील शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा ह्यांनीं फळांवरील चिलटांच्या पेशींत उष्णता लागतांच कांहीं विशिष्ट ठिकाणीं हालचाल सुरू होते, असें दाखविलें. पुढें समजलें कीं, तेव्हां पेशी विशेष प्रकारचीं प्रथिनें तयार करिते, व तीं बिघडूं पाहणाऱ्या इतर प्रथिनांस सांवरून धरितात. १९७५ सालीं गर्नर व श्नायडर ह्यांनीं मनुष्याच्या कर्कपेशींवर प्रयोग करून दाखविलें कीं, एकदां उष्णता सोसलेल्या पेशी कांहीं काळ अधिक चिवट होतात. म्हणून हा उपचार रोज न देतां मध्यें दोन-तीन दिवसांचें अंतर ठेवून देतात. तोंवर हा चिवटपणा बराच ओसरतो.

तुल्य मिनिटें

ह्या सर्व मोजमापांवरून १९८४ सालीं सापारेटो व ड्यूई ह्यांनीं उष्णतेच्या मात्रेचें एक माप सुचविलें. कोणत्याहि उष्णमानावर घालविलेला वेळ हा ४३ अंशांवरील किती मिनिटांबरोबर आहे, तें काढावयाचें. त्यास आपण ‘तुल्य मिनिटें’ म्हणूं. नियम एवढाच कीं, ४३ च्या वर जितके अंश असतील तितक्या वेळां मिनिटांस दोहोंनीं गुणावें, आणि ४३ च्या खालीं जितके अंश असतील तितक्या वेळां मिनिटांस चोहोंनीं भागावें.

उदाहरण घेऊं. एक गांठ तापत जातांना दहा मिनिटें ४१ अंशांवर, वीस मिनिटें ४२ अंशांवर, तीस मिनिटें ४३ अंशांवर व शेवटचीं दहा मिनिटें ४४ अंशांवर होती. एकंदर वेळ सत्तर मिनिटें. पण तुल्य मिनिटें अशीं होतील: पहिलीं दहा भागिले सोळा, म्हणजे पाऊण मिनिटाहूनहि कमी, नंतरचीं वीस भागिले चार, म्हणजे पांच, मग तीस, आणि शेवटचीं दहा गुणिले दोन, म्हणजे वीस. बेरीज साडेपंचावन्नाहून किंचित् अधिक. विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, शेवटच्या दहा मिनिटांनीं पहिल्या दहांच्या बत्तीसपट काम केलें.

ह्या मापानें पूर्वींच्या कोड्याचें उत्तर सहज मिळतें. ४२ अंशांवर दोन तास म्हणजे तीस तुल्य मिनिटें; ४४ अंशांवर अर्धा तास म्हणजे साठ. दुसऱ्या वैद्यानें चौथाई वेळांत दुप्पट उपचार केला.

येथें सावधगिरीची एक सूचना दिली पाहिजे. हा नियम ज्या मर्यादेंत मोजून ठरविला, त्याच मर्यादेंत तो खरा समजावा. कोणी चलाख विद्यार्थी हिशेब करील कीं, ६० तुल्य मिनिटांस ३७ अंशांवर किती वेळ लागेल? साठास सहा वेळां चोहोंनीं गुणिलें तर २,४५,७६० मिनिटें, म्हणजे सुमारें १७० दिवस येतात. पण ३७ अंश हें तर आपलें नेहमींचें उष्णमान. त्यावर आपल्या पेशी जन्मभर सुखानें नांदतात! गणितांत चूक नाहीं. नियम त्याच्या हद्दीबाहेर नेला, हा दोष आहे. शिवाय सर्व पेशी सारख्या नसतात. मनुष्याच्या कांहीं पेशींत आलेखाचें वळण ४३ च्या थोडें वर येतें. नकाशा गांवाची वाट दाखवितो, पण नकाशा म्हणजे गांव नव्हे.

सर्वांत थंड कोपरा

थाळींतील सर्व पेशी सारख्या तापतात. शरीरांतील गांठीचें तसें नाहीं, कारण तेथें रक्त वाहतें. चुलीवरील भांड्यांतून सारखें थंड पाणी वाहत ठेवलें तर तें जसें तापत नाहीं, तसें ३७ अंशांचें रक्त गांठीतील उष्णता सतत वाहून नेतें. ह्याचा हिशेब मांडण्याचें समीकरण न्यूयॉर्क येथील हॅरी पेन्स ह्यांनीं १९४८ सालीं दिलें. मनुष्याच्या हातांत, कोंपर व मनगट ह्यांमध्यें, सूक्ष्म तापमापक तारा घालून त्यांनीं निरनिराळ्या खोलीवरील उष्णमान मोजलें होतें. त्यांच्या समीकरणाचा आशय जमाखर्चासारखा आहे. एखाद्या जागीं उष्णतेचा सांठा किती वाढला? शेजारून झिरपून आलेली उष्णता, अधिक शरीरानें स्वतः निर्माण केलेली, अधिक बाहेरून यंत्रानें दिलेली, वजा रक्तानें नेलेली. रोग्याच्या शरीराची यंत्रानें घेतलेली अंतर्गत चित्रें पाहून असा जमाखर्च आज संगणक लक्षावधि बिंदूंसाठीं करितो, व कोणत्या दिशेनें किती जोराच्या लहरी सोडाव्या हें ठरविण्यास मदत करितो.

रक्तवाहिनीशेजारचा भाग थोडा थंड राहिला तर काय बिघडलें, असें कोणास वाटेल. म्हणून आम्ही येथें एक काल्पनिक पण पूर्ण गणित करून दाखवितों. गांठींत शंभर कोटि पेशी आहेत. त्यांपैकीं ९९ कोटि ४४ अंशांस तापल्या, व मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या फक्त एक कोटि ४१ अंशांसच राहिल्या. उपचार ६० मिनिटें चालला. सोयीसाठीं असें मानूं कीं, दर २० तुल्य मिनिटांस पेशी एकदशांश होतात. गरम भागास १२० तुल्य मिनिटें मिळालीं, म्हणजे सहा वेळां एकदशांश झाले. ९९ कोटींपैकीं ९९० पेशी उरल्या. थंड भागास साठ भागिले सोळा, म्हणजे पावणेचारच तुल्य मिनिटें मिळालीं. तेथें शेंकडा सुमारें ६५ पेशी, म्हणजे ६५ लक्ष, जिवंत राहिल्या. गांठीच्या शंभराव्या हिश्श्यानें बाकीच्या सर्व हिश्श्यांहून हजारों पट अधिक पेशी वांचविल्या! सरासरी उष्णमान पाहणाऱ्यास ४३·९७ अंश दिसले असते व तो संतुष्ट झाला असता.

ह्या सर्व विषयाचें सार आमच्या मतें हेंच आहे. गांठ किती तापली हा प्रश्न अपुरा आहे. तिचा सर्वांत थंड कोपरा किती तापला व किती वेळ तापला, हा खरा प्रश्न आहे. म्हणून जाणते वैद्य सरासरी पाहत नाहींत. गांठींतील शेंकडा नव्वद जागा ज्या उष्णमानाच्या वर आहेत, तें उष्णमान धरून तुल्य मिनिटें मोजतात.

रोग्यांस काय लाभलें

हें केवळ कागदावरचें गणित राहिलें असतें तर त्याची मातब्बरी नव्हती. अमेरिकेंत अनेक रुग्णालयांनीं मिळून वरवरच्या गांठींवर किरणोपचारास उष्णतेची जोड देऊन पाहिली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षेंत एकंदरींत विशेष लाभ दिसला नाहीं. पुष्कळांनीं उष्णोपचाराची आशा सोडली. पण बारकाईनें पाहतां, लहान गांठींत लाभ दिसत होता, व मोठ्या गांठी मुळीं नीट तापल्याच नव्हत्या. उपचार फसला नव्हता. तो पुरता पोहोंचलाच नव्हता.

पुढें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तुल्य मिनिटांचें माप हातीं धरूनच परीक्षा करण्यांत आली. गांठ तापूं शकते कीं नाहीं हें आधीं पाहून, मग १०९ रोग्यांस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत विभागलें. दोन्ही गटांस किरणोपचार होताच. एका गटास त्याबरोबर ठरलेल्या मात्रेची उष्णता दिली. २००५ सालीं फल प्रसिद्ध झालें. उष्णता मिळालेल्या गटांत शेंकडा ६६ जणांची गांठ पूर्ण नाहींशी झाली, दुसऱ्या गटांत शेंकडा ४२ जणांची. त्यापूर्वीं, २००० सालीं हॉलंडमधील परीक्षेचा वृत्तान्त आला होता. तेथें गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांत नुसत्या किरणोपचारानंतर तीन वर्षांनीं शेंकडा २७ जणी हयात होत्या, व उष्णतेची जोड दिलेल्यांत शेंकडा ५१. ह्या आंकड्यांमागें कोणाची तरी आई, कोणाची बहीण आहे, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये.

उष्णता किरणोपचारास साह्य कां करिते, हेंहि थोडक्यांत सांगतों. गांठीच्या ज्या भागांत रक्त व प्राणवायु कमी पोहोंचतो, तेथील पेशी किरणांस दाद देत नाहींत. पण त्याच पेशी उष्णतेनें लवकर मरतात, व रक्त कमी असल्यामुळें तो भाग तापतोहि चांगला. शिवाय किरणांनीं झालेली जखम भरून काढण्याची पेशींची शक्ति उष्णतेनें मंदावते. एकाचें उणें दुसरा भरून काढतो.

ह्याहून निराळा एक प्रकार म्हणजे गांठींत बारीक सुई घालून किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून तेथें ६० अंशांहून अधिक उष्णमान आणणें. तेथें पेशी क्षणांत मरतात. तरीहि यकृतांतील गांठीवर हा उपचार करितांना कित्येक मिनिटें लागतात, कारण उष्णता सुईपासून गांठीच्या कडेपर्यंत जावी लागते. आणि शेजारीं मोठी रक्तवाहिनी असली तर तो थंड कोपरा येथेंहि आडवा येतोच.

पालकांस दोन शब्द

हें वाचून कोणी असें समजूं नये कीं, गांठीस घरीं शेक दिला असतां कर्करोग बरा होईल. विटेचा, पुरचुंडीचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दुखऱ्या स्नायूस आराम देतो. परंतु कातडी भाजल्यावांचून त्याची पुरेशी उष्णता खोलवर पोहोंचत नाहीं. वर दिलेला हिशेब ज्यानें समजून घेतला, त्यास हें निराळें सांगावयास नको: आंत ४१ अंशहि झाले नाहींत तर तासन् तास शेकूनहि तुल्य मिनिटें हातीं लागत नाहींत. उलट शेक देत बसण्यांत जे आठवडे जातात, त्या काळांत गांठ वाढते. न दुखणारी गांठ, न भरणारी जखम, अकारण रक्तस्राव ह्यांपैकीं कांहीं घरांत आढळलें तर लाज किंवा भीति न धरितां तत्काळ डॉक्टरांकडे जावें. उष्णोपचार हा मुख्यतः इतर उपचारांचा सोबती आहे. तो द्यावा कीं नाहीं, हें तज्ज्ञांनींच ठरवावयाचें असतें.

आणि विद्यार्थ्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, घातांकाचीं उदाहरणें सोडवितांना, ‘ह्याचा उपयोग काय?’ असा प्रश्न तुमच्या मनांत पुष्कळदां येत असेल. दोहोंनीं गुणणें व चोहोंनीं भागणें ह्या दोन क्रियांनीं, ज्या उपचारास शंभर वर्षें माप नव्हतें, त्यास माप मिळालें. आणि सरासरीवर समाधान न मानितां सर्वांत मागें राहिलेल्या कोपऱ्याकडे पाहावें, हें वैद्यकास कळलें. तुमच्यांपैकीं ज्यांस गणित आवडतें व ज्यांस रोग्यांची सेवा करावीशी वाटते, त्या दोघांनींहि ह्या क्षेत्राकडे वळावें. तेथें अद्याप पुष्कळ काम शिल्लक आहे.